राष्ट्रीय नाट्य विद्यालय : प्रवेशाची कसोटी आणि पदवीचा प्रश्न

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा इतिहास आजवर बहुधा संचालकांच्या कारकिर्दींच्या क्रमाने आणि गाजलेल्या प्रयोगांच्या आधारे सांगितला गेला आहे, आणि संस्थेने भारतीय रंगभूमीला दिलेले प्रयोग व कलावंत पाहता ते स्वाभाविकही आहे. तथापि विद्यालय ही मूलतः शिक्षणसंस्था आहे, आणि शिक्षणसंस्थेचे चरित्र तिच्या दारापाशी सर्वांत स्पष्ट दिसते : आत कोणाला घ्यायचे, ते कोणत्या कसोटीवर ठरवायचे आणि शिक्षण संपल्यावर बाहेर पडणाऱ्याच्या हाती कोणते प्रमाणपत्र द्यायचे. या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे विद्यालयाने तुलनेने लवकर शोधली. तिसऱ्याच्या उत्तरासाठी मात्र त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि त्या प्रवासात त्याने एकदा विद्यापीठाचा दर्जा स्वीकारून तो पुढे स्वतःहून परतही केला. प्रस्तुत लेखात विद्यालयाची वाटचाल या अंगाने मांडली आहे, आणि महाराष्ट्रातील विद्यापीठीय नाट्यशिक्षणाशी तिचा जो जवळचा संबंध आहे त्याचाही विचार केला आहे.

नाट्यशिक्षणासाठी स्वतंत्र शाळा निघण्यापूर्वी भारतात नट घडत नव्हते असे नाही. मराठी रंगभूमीपुरते बोलायचे तर १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’च्या प्रयोगापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत नाटक मंडळी हीच नटाची शाळा होती. मंडळीत दाखल झालेला मुलगा बिऱ्हाडासह गावोगाव फिरे, पडेल ते काम करी, मोठ्या नटांची नक्कल पाठ करी आणि तालीममास्तरांच्या हाताखाली वर्षानुवर्षे तयार होई. तालीममास्तर म्हणजे नटांकडून शब्द, हावभाव आणि रंगमंचावरील हालचाल बसवून घेणारा जाणकार. गोविंद बल्लाळ देवल नाटककार म्हणून जितके मोठे, तितकेच या कामातही मोठे होते. या पद्धतीत प्रवेशाची कसोटी उघड होती. संगीत नाटकाच्या काळात मुलाचा गळा आणि रूप पाहिले जाई. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, हे या निवडीचे सर्वांत तेजस्वी उदाहरण होय. मुलाच्या शालेय शिक्षणाची चौकशी फारशी कोणी करत नसे, आणि वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनंतर त्याच्या हाती कोणताही कागद येत नसे. त्याने कोणाच्या हाताखाली काम केले हेच त्याचे प्रमाणपत्र असे. या पद्धतीचे बळ मोठे होते, पण तिच्या मर्यादाही तितक्याच मोठ्या होत्या. मंडळी बंद पडली की शाळाही बंद पडे, स्त्रियांना तिचे दार जवळजवळ बंदच होते, आणि शिकवणाऱ्याला जे येत होते त्यापलीकडचे काही शिकण्याची सोय तिच्यात नव्हती. बोलपट आल्यानंतर मंडळ्या एकामागून एक मोडत गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर नट घडवण्याची ही व्यवस्थाही मोडली.

पाश्चात्त्य देशांत त्याआधीच दोन निराळ्या वाटा तयार झाल्या होत्या. लंडनमध्ये १९०४ साली अभिनेते-व्यवस्थापक हर्बर्ट बीअरबोम ट्री यांनी नाट्यशिक्षणाची संस्था काढली, जी पुढे रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट, म्हणजेच राडा, या नावाने प्रसिद्ध झाली. ही विद्यापीठाबाहेरची, केवळ रंगभूमीसाठी माणसे तयार करणारी शाळा होती, आणि तिच्या अभ्यासक्रमांना विद्यापीठाच्या मान्यतेने पदवीचे रूप मिळाले ते पुष्कळच नंतर. दुसरी वाट अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९१४ मध्ये दाखवली. तेथे नाट्यकला हा विषय अभियांत्रिकी आणि इतर कला यांच्या शेजारी बसवून त्यात पदवी देण्यास आरंभ झाला. पहिल्या वाटेत कसब मुख्य आणि कागद गौण, तर दुसऱ्या वाटेत कसबाला विद्यापीठाच्या श्रेणी, परीक्षा आणि वर्षांच्या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न होता. स्वतंत्र भारतासमोर हे दोन्ही नमुने होते. विद्यापीठीय वाटेचा प्रयोग प्रथम बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाला, जेथे संगीत आणि नृत्याबरोबर नाट्यविषयालाही जागा मिळाली आणि गुजराती नाटककार चंद्रवदन मेहता यांच्यासारख्यांचे मार्गदर्शन लाभले. दिल्लीत मात्र वेगळी वाट निवडली गेली.

संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन २८ जानेवारी १९५३ रोजी झाले आणि १९५६ मध्ये तिने दिल्लीत नाट्यविषयक चर्चासत्र भरवले. देशाला नाट्यशिक्षणाची मध्यवर्ती संस्था हवी, हा विचार त्या चर्चासत्रात बळावला. दरम्यान कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भारतीय नाट्य संघाने युनेस्कोच्या साहाय्याने १९५८ च्या आरंभी एशियन थिएटर इन्स्टिट्यूट सुरू केली होती. त्याच वर्षी ती अकादमीच्या अधिपत्याखाली आली, आणि एप्रिल १९५९ मध्ये अकादमीने राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन केल्यावर ती त्यात विलीन झाली. विद्यालयाचे पहिले संचालक सतू सेन हे बंगाली रंगभूमीवरील प्रकाशयोजना आणि नेपथ्य या क्षेत्रांतले नामवंत तज्ज्ञ होते. आरंभीची ही दोन-तीन वर्षे अभ्यासक्रम, शिक्षक आणि जागा यांची जुळवाजुळव करण्यातच गेली.

विद्यालयाला खरा आकार मिळाला तो १९६२ मध्ये इब्राहिम अल्काझी संचालक झाल्यावर. अल्काझींचा जन्म १९२५ चा, पुण्यातला. वडील अरब व्यापारी, शिक्षण पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि पुढे मुंबईत, नाट्यशिक्षण लंडनच्या राडामध्ये. मुंबईत परतल्यावर त्यांनी थिएटर युनिट ही संस्था काढून प्रयोगांबरोबर नट तयार करण्याचे कामही हाती घेतले होते. मराठी दिग्दर्शिका विजया मेहता यांनी ज्यांच्या हाताखाली अभिनयाचे आरंभीचे धडे घेतले त्यांत अल्काझी होते, आणि त्या पुढे काही वर्षे याच विद्यालयाच्या अध्यक्षही होत्या; मराठी प्रायोगिक रंगभूमीशी दिल्लीच्या विद्यालयाचा असा एक धागा विद्यालयाच्या भरभराटीपूर्वीच मुंबईत जोडला गेला होता.

अल्काझींनी दिल्लीत जे केले त्याचे वर्णन शिस्त या एका शब्दात करण्याची प्रथा आहे, पण ते अपुरे आहे. विद्यालयात आलेल्याला केवळ अभिनेता व्हायचे आहे हे त्यांना मान्य नव्हते. नटाने रंगमंच उभा करावा, लाकूडकाम करावे, वेशभूषा शिवावी, दिवे बांधावेत, रंगभूषा करावी, चित्रकला आणि स्थापत्य यांचा इतिहास वाचावा, संस्कृत नाटक आणि ग्रीक नाटक दोन्ही अभ्यासावे, आणि तालमीला वेळेवर यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच तीन वर्षांचा भरगच्च अभ्यासक्रम आकाराला आला. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक म्हणजे शरीराने, वाचिक म्हणजे वाणीने, आहार्य म्हणजे वेश, रंग आणि वस्तूंनी, तर सात्त्विक म्हणजे मनाच्या एकाग्रतेतून प्रकट होणारा अभिनय. यांपैकी आहार्य अभिनय आधुनिक शिक्षणात बहुधा कारागिरांवर सोडला जातो; अल्काझींच्या विद्यालयात मात्र तो नटाच्याच शिक्षणाचा भाग ठरला. पहिले वर्ष सर्वांना समान आणि त्यानंतर अभिनय किंवा दिग्दर्शन व रंगतंत्र अशी शाखानिवड, ही पुढे रूढ झालेली रचना याच विचारातून आली आहे. विद्यालयाच्या मोठेपणाचे मूळ प्रयोगांच्या भव्यतेपेक्षा या अभ्यासक्रमात अधिक आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

प्रयोग भव्य होते हे मात्र खरेच. विद्यालय कैलाश कॉलनीतील घरात असताना त्याच्या आवारात उभारलेल्या रंगमंचावर मोहन राकेश यांचे ‘आषाढ का एक दिन’ झाले, १९६३ मध्ये फिरोजशाह कोटल्याच्या भग्न तटांसमोर धर्मवीर भारतींचे ‘अंधा युग’ झाले, आणि १९७४ मध्ये पुराना किल्ल्यात गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ मनोहर सिंग यांना शीर्षक भूमिकेत घेऊन सादर झाले. पुढे विद्यालय रवींद्र भवनात आल्यावर त्या इमारतीच्या मागच्या बाजूस झाडाखाली मेघदूत हे खुले नाट्यगृह तयार झाले. शिक्षण पूर्ण केलेल्या कलावंतांना व्यावसायिक पातळीवर काम करता यावे म्हणून १९६४ मध्ये विद्यालयाचे नाट्यमंडळ, म्हणजे रेपर्टरी कंपनी, सुरू झाले. ठरावीक कलावंतांचा पगारी संच ठेवून निरनिराळी नाटके आलटून पालटून करणे हे अशा मंडळाचे स्वरूप असते. कार्ल वेबर, फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्यासारखे जर्मन नाटककार ब्रेख्तच्या परंपरेतले दिग्दर्शक येथे येऊन विद्यार्थ्यांबरोबर काम करून गेले. शांता गांधींनी गुजरातच्या भवाई या लोकनाट्यप्रकारावर आधारलेले ‘जस्मा ओडन’ बसवले, तेव्हा नागर प्रशिक्षण घेतलेल्या नटांना लोकरंगभूमीच्या शरीरभाषेचा परिचय झाला. १९७५ मध्ये विद्यालय संगीत नाटक अकादमीपासून वेगळे होऊन नोंदणीकृत स्वायत्त संस्था बनले आणि केंद्र शासनाच्या अनुदानावर चालू लागले. अल्काझी १९७७ मध्ये पायउतार झाले.

प्रवेशाची पद्धत हा विद्यालयाच्या घडणीचा सर्वांत मोलाचा आणि तरीही सर्वांत कमी अभ्यासला गेलेला भाग आहे. अर्जदार कोणत्याही शाखेचा पदवीधर असावा, त्याचे वय ठरावीक मर्यादेत असावे, त्याने काही नाट्यप्रयोगांत प्रत्यक्ष भाग घेतलेला असावा आणि त्याला हिंदी व इंग्रजीचे कामचलाऊ ज्ञान असावे, अशा अटी असतात. यांतील पहिली अट विचार करण्याजोगी आहे. विद्यालय विद्यापीठाची पदवी मागते, पण ती नाट्यविषयातली असावी असे म्हणत नाही. रसायनशास्त्राचा, वाणिज्य शाखेचा किंवा इतिहासाचा पदवीधर तेथे सारख्याच पात्रतेने येतो. त्यामुळे वर्गात बसणारी मुले वयाने सोळा-सतराची नसून जग थोडेफार पाहिलेली असतात, हौशी रंगभूमीवर किंवा महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत वावरलेली असतात, आणि आपण येथे का आलो हे बहुतेकांनी घरच्यांना पटवून दिलेले असते.

प्रवेशपरीक्षा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा देशातील निरनिराळ्या केंद्रांवर होतो. तेथे तज्ज्ञांची समिती अर्जदाराने तयार करून आणलेले नाट्यांश पाहते, त्याला काही करून दाखवायला सांगते, त्याच्याशी नाटकाविषयी बोलते. या चाचणीला रूढ मराठीत ऑडिशन म्हणतात. तिच्यात मिळणारा वेळ थोडा असतो आणि तेवढ्यात आवाज, उच्चार, शरीराचा मोकळेपणा आणि वाचन यांचा अंदाज घ्यावा लागतो. येथे अनेक उमेदवार जे गमावतात ते अभिनय कमी पडल्यामुळे गमावतात असे नव्हे. स्पर्धेत बक्षीस मिळवून गेलेली भूमिका तशीच्या तशी सादर करणारा उमेदवार समितीला आपली कमाई दाखवतो, आणि समिती मात्र त्याची शिकण्याची तयारी शोधत असते. म्हणूनच पाठ केलेला उतारा थांबवून तोच निराळ्या भावनेने, निराळ्या गतीने किंवा बसून म्हणायला सांगणे हा अशा चाचणीतला जुना मार्ग आहे. ज्याला सांगितलेला बदल कानांत शिरतो आणि शरीरातून लगेच बाहेर येतो, तो पुढे जातो.

पहिल्या टप्प्यातून निवडलेल्यांना दिल्लीत बोलावले जाते आणि तेथे काही दिवसांची कार्यशाळा होते. विद्यालयाने परीक्षेचे रूप बदलले ते येथे. सामान्य परीक्षा उमेदवाराला एकटे बसवते. या कार्यशाळेत तो अनोळखी माणसांच्या गटात टाकला जातो, सकाळी शरीराचे व्यायाम, नंतर आवाजाचे पाठ, मग गटाने मिळून उत्स्फूर्त सादरीकरण, म्हणजे आधी न लिहिलेल्या प्रसंगाला जागच्या जागी शब्द आणि कृती देणे, असा दिवस जातो आणि शिक्षक तो पूर्ण वेळ पाहत असतात. कोण दुसऱ्याला बोलू देतो, कोण फक्त स्वतःकडे लक्ष वेधून घेतो, थकल्यावर कोणाचे लक्ष तुटते, चुकल्यावर कोण हसून पुन्हा सुरू करतो, हे तासाभराच्या मुलाखतीत कळणे कठीण. चार-पाच दिवसांत ते लपत नाही. नाटक हे समूहाचे काम आहे आणि तीन वर्षे ते समूहातच शिकायचे आहे, म्हणून निवडही समूहात व्हावी, हा या पद्धतीमागचा विचार योग्य आहे. नाटक मंडळीच्या काळात मुलाला आधी आत घेतले जाई आणि त्याची पारख पुढच्या काही वर्षांत होई. विद्यालयाने तीच पारख काही दिवसांत आणून बसवली, एवढेच काय ते.

एवढ्या मेहनतीने निवडले जाणारे विद्यार्थी किती, तर काही वर्षे वर्गात २६ जागा होत्या आणि अलीकडच्या वर्षांत त्या ३२ झाल्या. शासकीय नियमांनुसार आरक्षण आहे आणि निवड झालेल्या प्रत्येकाला शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असलेला विद्यार्थीही तीन वर्षे दिल्लीत राहून शिकू शकतो. संस्थेच्या सामाजिक महत्त्वाचा विचार करताना या शिष्यवृत्तीचा उल्लेख बहुधा राहून जातो, आणि तो राहू नये; ओम पुरींसारखा नट अशा आधाराशिवाय दिल्लीत तीन वर्षे टिकला असता का, हा प्रश्न विचारून पाहावा. १९७० ते १९७३ या काळात ते आणि नसीरुद्दीन शाह येथे एकाच वर्गात शिकले आणि नंतर दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले.

मराठी विद्यार्थी आरंभापासून येथे येत राहिले. सई परांजपे साठीच्या दशकाच्या आरंभी विद्यालयातून बाहेर पडल्या; पुण्याच्या रोहिणी ओक, पुढच्या रोहिणी हट्टंगडी, यांचे शिक्षण १९७४ मध्ये पूर्ण झाले; जयदेव हट्टंगडी, ज्योती सुभाष, कमलाकर सोनटक्के, वामन केंद्रे हे सर्व याच विद्यालयाचे. या सर्वांपुढे भाषेची अडचण होती आणि ती आजही आहे. विद्यालयाचे बहुतेक प्रयोग हिंदीत होतात, त्यामुळे वाचिक अभिनयाचे शिक्षण मातृभाषेत मिळत नाही. मराठी नटाला ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार विसरून, हिंदीच्या लयीत बोलायला शिकावे लागते, आणि परत आल्यावर मराठी वाक्याची चाल पुन्हा कमवावी लागते. या श्रमातून काहींची वाणी अधिक जागरूक झाली हे खरे असले तरी एकाच भाषेतील एकाच मध्यवर्ती संस्थेने बहुभाषिक देशातील नाट्यशिक्षणाचा भार वाहावा काय, हा आक्षेप योग्यच आहे.

हा आक्षेप अल्काझींच्या नंतर आलेल्या ब. व. कारंत यांनी आतून समजून घेतला. कारंत लहानपणी घर सोडून कर्नाटकातील गुब्बी वीरण्णा यांच्या नाटक मंडळीत गेले होते, पुढे बनारसला शिकले आणि मग याच विद्यालयाचे विद्यार्थी झाले. मंडळीची शाळा आणि दिल्लीची शाळा या दोन्ही त्यांच्या अंगात मुरलेल्या होत्या. १९७७ ते १९८२ या त्यांच्या संचालकपदाच्या काळात विद्यालयाचे शिक्षक आणि कार्यशाळा दिल्लीबाहेर, प्रादेशिक भाषांच्या मुलखात जाऊ लागल्या, आणि यक्षगान या कर्नाटकातील लोकनाट्याच्या शैलीत बांधलेल्या ‘बरनम वन’ या मॅकबेथच्या हिंदी प्रयोगाने लोकपरंपरा व अभिजात नाटक यांचा मेळ घालण्याचा मार्ग दाखवला. त्यानंतर ब. म. शाह, मोहन महर्षी, रतन थिय्याम, कीर्ती जैन, रामगोपाल बजाज, देवेंद्रराज अंकुर, अनुराधा कपूर आणि वामन केंद्रे यांनी संचालकपद सांभाळले. या काळात १९८९ मध्ये बालरंगभूमीसाठी शैक्षणिक नाट्यविभाग सुरू झाला, १९९९ मध्ये भारत रंग महोत्सव सुरू झाला, आणि बंगळूर, सिक्कीम, आगरतळा व वाराणसी येथे केंद्रे निघाली. यांपैकी महोत्सव लोकांच्या नजरेत अधिक भरला, परंतु शिक्षणाच्या दृष्टीने केंद्रांचे काम अधिक मोलाचे आहे.

आता उरतो तो प्रमाणपत्राचा प्रश्न. विद्यालय आरंभापासून नाट्यकलेतील पदविका देत आले. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठांना असतो. विद्यापीठ नसलेल्या संस्थेला फार तर पदविका देता येते, आणि समाजात पदविकेला पदवीहून खालचे मानण्याची सवय आहे. पदवीनंतर तीन वर्षे शिकून हाती पदविका घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात शिकवायचे झाले तर अडचण येऊ नये म्हणून भारतीय विद्यापीठ संघाने ती पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानली. पण समकक्षता म्हणजे प्रत्येक नव्या कार्यालयात, प्रत्येक नव्या लिपिकासमोर पुन्हा सिद्ध करायची गोष्ट. म्हणून पदवीची मागणी मधूनमधून पुढे येत राहिली.

२००५ मध्ये विद्यालयाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभिमत विद्यापीठ म्हणजे विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन न झालेली, परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र शासनाने विद्यापीठासमान मानलेली संस्था. या दर्जाने पदवी देण्याचा मार्ग खुला झाला, पण त्याबरोबर आयोगाची चौकटही लागू होणार होती : शिक्षकांच्या पात्रतेचे नियम, वर्षाचे ठरावीक भाग, लेखी परीक्षांचे वजन, संशोधनाची अपेक्षा. ज्या शाळेत नाटककार, नेपथ्यकार, कलरीपायट्टू या युद्धकलेचा गुरू किंवा भवाईचा नायक काही आठवड्यांसाठी येऊन शिकवून जातो, तिला शिक्षकाकडे पीएच. डी. आहे का हे आधी विचारण्याची पद्धत जाचणारच. २०११ मध्ये विद्यालयाच्याच विनंतीवरून हा दर्जा काढून घेण्यात आला आणि विद्यालय पुन्हा पदविका देऊ लागले.

या निर्णयाकडे काहींनी माघार म्हणून पाहिले. ती माघार नव्हती. विद्यालयाची निवडपद्धत, त्याच्या अभ्यासक्रमातील हाताचे काम आणि बाहेरून येणाऱ्या गुरूंची परंपरा या तिन्ही गोष्टी परस्परांत गुंतलेल्या आहेत, आणि पदवीच्या चौकटीत त्यांपैकी एकीला धक्का लागला असता तर बाकीच्या दोन्हीही टिकल्या नसत्या. पदवीच्या मोहाला बळी न पडता स्वतःचे शिक्षण जपणारी संस्था म्हणून विद्यालयाचा हा निर्णय त्याच्या कोणत्याही प्रयोगाइतकाच अभिमानाने नोंदवण्यासारखा आहे.

तरीही तो निर्णय सर्वांना लागू पडत नाही, आणि महाराष्ट्राचा अनुभव ते दाखवतो. दिल्लीत जाणाऱ्या थोड्यांच्या मागे ज्यांना अभिनय गांभीर्याने शिकायचा आहे अशी असंख्य मुले राहतात, आणि त्यांच्यासाठी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच प्रदेशात, घरच्यांना समजेल असा पदवीचा अभ्यासक्रम हवा होता. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात सत्तरच्या दशकात नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला, त्याच्या पायाभरणीत कमलाकर सोनटक्के होते. दिल्लीत मिळालेले शिक्षण त्यांनी मराठवाड्यातील ग्रामीण विद्यार्थ्यांपर्यंत आणले. ज्या भागात नाट्यगृहे मोजकी आणि व्यावसायिक रंगभूमीचे दौरे विरळ, तेथे विद्यापीठाच्या वर्गात नाटक हा परीक्षेचा विषय होणे ही केवळ शैक्षणिक घटना नव्हती; त्या मुलांना पदवीचा कागद नाटकात राहण्याची परवानगी म्हणून उपयोगी पडला.

पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र स्थापन झाले आणि तेथे संगीत, नृत्य आणि नाट्य या तीन कलांचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण गुरुकुलाच्या धर्तीवर सुरू झाले, म्हणजे विद्यार्थी विद्यापीठाचा आणि विद्या गुरूची अशी रचना तेथे स्वीकारली गेली. ‘महानिर्वाण’कार सतीश आळेकर १९९६ ते २००९ या काळात त्याचे प्रमुख होते. आळेकरांची स्वतःची पदवी जीवरसायनशास्त्राची आणि नाटकाचे शिक्षण नाट्यसंस्थांच्या तालमीतले. विद्यापीठाने अशा कलावंताला आपल्या कलाविभागाच्या प्रमुखपदी आणले, ही विद्यापीठीय चौकटही मन मोठे केले तर लवचिक होऊ शकते याची साक्ष आहे. त्यांच्या काळात केंद्रात प्रवेश घेणाऱ्यालाही चाचणीला सामोरे जावे लागे आणि आजही लागते. फरक एवढाच की बारावीनंतर येणारा विद्यार्थी अठरा वर्षांचा असतो, त्याच्याकडे दाखवण्यासारखे थोडे असते, आणि समितीला त्याच्यात दिसणारी शक्यता पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. ही निवड दिल्लीच्या निवडीपेक्षा अवघड आहे आणि तिच्यात होणाऱ्या चुका अधिक क्षम्य आहेत.

मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स सुरू झाली आणि तिने पदव्युत्तर पातळीवर प्रत्यक्ष प्रयोगांवर भर देणारा अभ्यासक्रम आखला. केंद्रे पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले आणि २०१८ पर्यंत त्या पदावर होते. दिल्लीत शिकलेल्या मराठी दिग्दर्शकाने मुंबईच्या विद्यापीठात पदवीचा अभ्यासक्रम उभा करून मग पदविका देणाऱ्या मूळ संस्थेचे प्रमुखपद स्वीकारावे, यावरून दोन्ही वाटा एकमेकींच्या विरोधात नाहीत हे दिसते. आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), पुणे किंवा मुंबई येथील नाट्यविभागांतून पदवी घेऊन काही विद्यार्थी दिल्लीच्या कार्यशाळेला जातात, कारण तेथे पदवी लागते. आणि दिल्लीहून परत येऊन महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा देता येते, जिच्या विषयांच्या यादीत नाट्य हा विषय आहे. या विभागांपुढचा प्रश्न आता प्रमाणपत्राचा राहिलेला नाही. पूर्णवेळ शिक्षकांची पदे भरणे, तालमीसाठी जागा आणि प्रयोगासाठी निधी मिळवणे, आणि अठराव्या वर्षी आलेल्या मुलावर निवडसमितीने जो विश्वास दाखवला त्याला साजेसे शिक्षण प्रत्यक्षात देणे, हे काम त्यांच्यासमोर आहे, आणि ते बहुतेक ठिकाणी अपुऱ्या मनुष्यबळावर चालू आहे.